स्विचवरचा बिल्ला

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी खोपोली आणि खालापूरच्या मधल्या एका रबराच्या कारखान्यात नोकरीला लागले. यंत्रांचे पट्टे, पाण्याच्या नळ्या, वायसर असा माल तिथे होत असे. मी तेवीस वर्षांची होते, संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. माझं पद होतं कार्यपद्धती सहायक. कर्जतला आमच्या घरी या पदाचा अर्थ कोणालाच लागला नाही. वडिलांनी विचारलं, "म्हणजे तू करणार काय?" मी म्हटलं, "कागद कुठून कुठे जातात ते बघणार." त्यांनी मान हलवली आणि परत कधी विचारलं नाही. मी टपालखात्यात लागले असंच ते शेवटपर्यंत समजत असावेत.

पण काम खरंच तेवढंच होतं. मुंबईच्या मुख्य कचेरीत कॉम्प्युटर यायचा होता. त्याला माहिती पुरवायची तर आधी ती कारखान्यात कुठे तयार होते, कोण लिहितं, कोण वाचतं, हे कळायला हवं होतं. आमच्या विभागाचे साहेब दर मंगळवारी मुंबईहून यायचे. पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्याच मंगळवारी त्यांनी मला एक जाड वही दिली आणि म्हणाले, "प्रत्येक कागद जन्मापासून मरेपर्यंत पाहायचा. माणसं काय सांगतात ते नंतर. कागद काय करतो ते आधी." मला ते फार पटलं. घरी जाऊन मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं.

मला गेटजवळच्या टाइम ऑफिसात टेबल मिळालं. सकाळी कर्जतहून खोपोलीची गाडी पकडायची, तिथून शिळफाट्यापर्यंत चालत जायचं आणि पुढे कारखान्याच्या टेंपोत बसायचं. वीजघरातून पाणी सुटलेलं असलं की वाटेत पाताळगंगा भर उन्हाळ्यातही दुथडी वाहताना दिसे. कारखान्यात शिरलं की आधी गंधकाचा वास यायचा, मग काजळी दिसायची. रबर काळं करायला जी काजळी घालतात ती पिठापेक्षाही बारीक असते. ती भिंतींवर असे, चहाच्या कपावर असे, माझ्या वहीच्या कडांना असे.

त्या काजळीचा मला एक उपयोग झाला. कोणता कागद किती हाताळला जातो हे ती सांगायची. मिक्सिंगच्या खात्यातलं कामाचं कार्ड दुपारपर्यंत अंगठ्यांनी काळं होऊन जाई. म्हणजे ते खरोखर वाचलं जात होतं. दुरुस्तीची चिठ्ठी तीन प्रतींत असायची, पांढरी, गुलाबी आणि पिवळी. त्यातली कचेरीत जाणारी गुलाबी प्रत महिनाअखेरीलाही कोरी करकरीत. ती कोणी बघत नव्हतं. मी हे मंगळवारी साहेबांना सांगितलं तेव्हा ते मोठ्याने हसले. म्हणाले, "हे अहवालात घ्या." त्या दिवशी गाडीत मी स्वतःवर बरीच खूश होते.

दुरुस्तीच्या चिठ्ठ्या कळाव्यात म्हणून मी तीन आठवडे हेड फिटरच्या मागे फिरले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, म्हणून मीही. वय पंचेचाळीसच्या आसपास, खालापूरच्या पलीकडच्या गावातले, घरची भाताची जमीन. बुटके होते आणि बोलण्याआधी हात पुसायची त्यांना सवय होती. यंत्राला कान लावून ते कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. मी मागे आले की त्यांना त्रासच होत असणार, पण त्यांनी तो दाखवला नाही.

माझ्या लक्षात आलं की चिठ्ठी नेहमी दुरुस्ती झाल्यावर लिहिली जाते. नियम उलटा होता. मी विचारलं.

"चिठ्ठी लिवत बसलो तर रोलावरचा माल थंड पडतो, बाई," ते म्हणाले. "आदी काम. मंग कागद."

"मग तुम्हाला कळतं कसं, कुठे जायचं ते?"

"मानूस येतो की बोलवायला."

मी लिहून घेतलं: निरोप तोंडी, चिठ्ठी नंतर.

मिक्सिंगचा रोल म्हणजे एकमेकांकडे फिरणारी दोन लोखंडी लाटणी, प्रत्येक माणसाच्या कंबरेएवढी जाड. त्यांना फिरवणारी दातेरी चाकं मागच्या बाजूला जाळीच्या आत असत. स्विच मात्र पुढे, खांबाच्या पलीकडे. मागे काम करणारा माणूस स्विचपाशी उभ्या असलेल्याला दिसत नसे. एके दिवशी मिस्त्री जाळी उघडायच्या आधी स्विचपाशी गेले, दांडा खाली ओढला, आणि गळ्यातला पितळी बिल्ला काढून दांड्याच्या आकड्याला अडकवला.

हे बिल्ले हजेरीचे होते. सकाळी प्रत्येकाने टाइम ऑफिसच्या फळीवरून आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा, दिवसभर जवळ बाळगायचा आणि जाताना गेटवर परत करायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस आत. बिल्ला दिल्याशिवाय वॉचमन बाहेर सोडत नसे.

"हा इथे कशाला लावलात?" मी विचारलं.

"मी आत हाय म्हनून," मिस्त्री म्हणाले आणि जाळीमागे गेले.

मी ते वहीत लिहिलं, तारीख आणि वेळ घालून. कोणत्या सदरात टाकावं ते समजेना. बिल्ला हा माझ्या यादीत कागद नव्हता. समासात मी 'इतर' असं लिहिलं आणि पान उलटलं.

अहवाल टाइप व्हायला पावसाळा संपला. त्यातली सगळ्यात ठळक सूचना हजेरीची होती. माणूस कामावर आहे ही एकच गोष्ट कारखान्यात तीनदा नोंदली जात होती, बिल्ल्याच्या फळीवर, हजेरीपटात आणि कामाच्या कार्डावर. मी सुचवलं की बिल्ले बंद करावेत आणि गेटवर छापील वेळ उठवणारं घड्याळ बसवावं. प्रत्येकाचं कार्ड घड्याळाशेजारच्या खणात राहील, मुंबईला तेच जाईल. साहेबांना हे फार आवडलं. "एक माहिती, एकच जागा," ते म्हणाले आणि माझ्या अहवालावर तसं लाल शाईने लिहिलं.

घड्याळ आलं. बिल्ले जमा करायचा दिवस ठरला. टाइम ऑफिससमोर रांग लागली, प्रत्येक जण बिल्ला टाकी आणि सही करी किंवा अंगठा उठवी. पेटीत पितळ पडल्याचा आवाज सकाळभर चालला होता. मी शेजारी बसून यादीवर खुणा करत होते. मिस्त्रींचा नंबर आला तेव्हा त्यांनी बिल्ला टाकला नाही, हातातच धरला.

"बाई, मंग स्विचला काय लावायचं?"

मला याचं उत्तर माहीत होतं. तेवढा विचार मी केला होता. "दुरुस्तीची चिठ्ठी आता आधी लिहायची आहे ना," मी म्हटलं. "तिची पांढरी प्रत स्विचजवळ खिळ्याला लावायची. त्यावर तुमचं नाव, वेळ, काम, सगळं असेल. बिल्ल्यावर नुसता नंबर होता."

मागची रांग खोळंबली होती. बिल्ला पेटीत टाकून ते गेले.

पुढचे तीन महिने सगळं ठीक चाललं, निदान कागदावर. चिठ्ठ्या आता कामाच्या आधी लिहिल्या जात होत्या. मी तक्ता करून तो भिंतीवर लावला होता. साहेब येणाऱ्या पाहुण्यांना तो दाखवत.

माघातली गोष्ट. दुपारच्या पाळीबदलाची वेळ होती, तीनचा भोंगा होऊन गेला होता. मी टाइम ऑफिसात कार्डं मोजत बसले होते. कारखान्याचा आवाज सवयीचा झाला की ऐकू येत नाही, पण तो थांबू लागला की लगेच कळतं. आधी एक रोल थांबला, मग दुसरा, मग सगळे. वॉचमन धावत आत गेला. थोड्या वेळाने कारखान्याची जीप गेटमधून बाहेर पडली. मागच्या बाकावर मिस्त्री बसले होते. डावा हात फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला, चेहरा काजळीखाली राखेसारखा. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

झालं होतं ते असं. मिस्त्री दातेरी चाकाच्या मागे होते. स्विच बंद केलेला, पांढरी चिठ्ठी खिळ्याला लावलेली. पाळी बदलली. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, नेरळकडचा एक तरुण, यंत्रापाशी आला. खिळ्याला कागद होते ते त्याला दिसले. त्याने दांडा वर केला.

दुसऱ्या दिवशी तो टाइम ऑफिसच्या बाहेर बाकावर बसला होता. चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून दूर ठेवलं होतं. मी दारात गेले तसा तो उठून उभा राहिला.

"चिठ्ठी दिसली होती ना तुला?" मी विचारलं.

"दिसली. कागद तर रोजच असतात तिथं, बाई. मी लागल्यापासून कधी खिळा मोकळा पायलाच नाय."

मी आत मिक्सिंगला गेले. यंत्र पुसून घेतलेलं होतं. खिळ्यावर चिठ्ठ्यांचा एक जुडगा होता, काजळीने सगळे कागद एकसारखे काळे. मी ते काढून क्रमाने लावले. अकरा होत्या. सर्वांत वरची कालची, मिस्त्रींच्या अक्षरातली. बाकीच्या दहा जुन्या होत्या, एक तर महिन्यापूर्वीची. काम झाल्यावर चिठ्ठी काढून कुठे द्यायची, कोणाला द्यायची, हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या तक्त्यात पांढऱ्या प्रतीचा बाण स्विचपाशी जाऊन संपत होता.

अपघाताच्या अर्जात 'कारण' असं एक सदर असतं. सुपरवायझरने त्यात लिहिलं होतं: सूचनेची चिठ्ठी लावलेली असतानाही ऑपरेटरचा निष्काळजीपणा; तसेच फिटरने मुख्य फ्यूज काढला नाही. माझ्या अहवालाचा उल्लेख होता. चिठ्ठीची पद्धत घालून दिलेली होती, म्हणजे पद्धतीचा दोष नाही. ऑपरेटरची नोकरी जाणार हे सगळे धरूनच चालले होते. मिस्त्रींच्या नावापुढेही शेरा पडणार होता.

त्या संध्याकाळी कर्जतच्या घरी मी ती जाड वही काढली. आपण काय लिहिलं होतं ते मला आठवत होतं, तरी पान सापडेपर्यंत ते नसावं असं वाटत होतं. ते होतं. तारीख, वेळ, रोल क्रमांक. 'फिटरने स्विचला हजेरीचा बिल्ला लावला. म्हणाला, मी आत आहे म्हणून.' आणि समासात माझ्याच अक्षरात 'इतर'.

रविवारी मी मिस्त्रींच्या गावाला गेले. खालापूरला एस.टी.तून उतरून पुढे अर्धा तास चालत. भात कधीच निघून गेलं होतं, खाचरांत वाल उभा होता. मिस्त्री ओटीवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मला पाहून ते उठू लागले. त्यांची बायको दारात आली.

"बस गं बाय, चालून आलीस, च्या टाकते," ती म्हणाली. मी कोण हे तिला ठाऊक होतं की नाही मला कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले. मी सरळ विचारलं, "मिस्त्री, बिल्ला लावायचात तेव्हा असं कधी झालं नव्हतं?"

"नाय."

"चिठ्ठीवर तर नावसुद्धा होतं."

त्यांनी उजवा हात धोतरावर पुसला. "बाई, बिल्ला मला सोडून घरी जायचा नाय, आनि मी त्याला सोडून घरी जायचो नाय. गेटवर द्यायला लागायचा. म्हनून काम झालं की पयला बिल्ला काडायचा. इसरायची सोयच नवती. आकड्याला बिल्ला हाय म्हंजे मानूस आत हाय. कागद ऱ्हातो तितंच. मानूस गेला तरी ऱ्हातो."

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारलं कशाला लावला, मी सांगितलं, मी आत हाय. फुडं तुमी विचारलंच नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "मला वाटलं तुमी शिकलेल्या, समजलं असंल."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. निघताना त्यांच्या बायकोने वालाच्या शेंगा एका फडक्यात बांधून दिल्या. नको म्हणायचा मला धीर झाला नाही.

मंगळवारी साहेब आले तेव्हा मी लिहून आणलेलं निवेदन त्यांच्यापुढे ठेवलं. सोबत वहीतलं ते पान आणि अकरा चिठ्ठ्या क्रमाने टाचलेल्या. त्यांनी सगळं दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे चौकशीत द्यायची गरज आहे का? पद्धत आपण सुधारू. तुम्ही सुधारित सूचना लिहा, मी लगेच सही करतो."

"ऑपरेटरची चौकशी परवा आहे," मी म्हटलं.

"तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, हे लक्षात आहे ना?"

ते धमकी देत नव्हते. तसे ते माणूस म्हणून वाईट नव्हते, मला आठवण करून देत होते इतकंच. आणि त्या अहवालावर त्यांचीही सही होती. मी म्हटलं, "लक्षात आहे." मग कागद उचलून मी मॅनेजरच्या कचेरीत नेऊन दिले आणि पोच घेतली. पोच घ्यायची हे मला त्याच नोकरीने शिकवलं होतं.

चौकशीत मला तीन प्रश्न विचारले. दोन तारखांबद्दल होते. तिसरा होता, ही गोष्ट पाहूनही तुम्ही अहवालात का घातली नाही? मी म्हणाले, "मला ती माहिती वाटली नाही." लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर करून पाहिलं आणि मग ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

ऑपरेटर कामावर परत आला. 'कारण' या सदरातला मजकूर बदलून 'सूचना देण्याच्या पद्धतीत दोष' असा झाला. फिटरांना बिल्ले परत मिळाले, पेटीतून शोधून, ज्याचा त्याला. गेटवर ते जमा करायचा नियमही परत आला. माझी नोकरी कायम व्हायला सहा महिने जास्त लागले. साहेब काही मंगळवार माझ्याशी कामापुरतंच बोलले, मग हळूहळू पूर्वीसारखे बोलू लागले. भिंतीवरचा तक्ता मीच काढला.

मिस्त्रींना मात्र फिटरचं काम परत करता आलं नाही. पकड बसत नव्हती. त्यांना हत्यारखोलीत बसवलं, पाने आणि हातोडे देणं-घेणं. खिडकीतून ते मला दिसायचे. नवे फिटर यंत्राची तक्रार घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि ते बसल्या जागेवरून सांगायचे, पण उठून यंत्राला कान लावायला जात नसत. एकदा मी कसं चाललंय म्हणून विचारलं. "हत्यारं वाटतो, चालवत नाय," ते म्हणाले. त्या वर्षभरात आम्ही फारसं बोललो नाही.

मग एकदाचा मुंबईत कॉम्प्युटर सुरू झाला आणि कारखान्यातल्या सगळ्यांच्या याद्या छापून आल्या, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर, नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. प्रत्येकाला आपापली पट्टी फाडून दिली, चूक असेल तर कळवा म्हणून. दुपारी मिस्त्री टाइम ऑफिसात आले. हात पुसून त्यांनी पट्टी माझ्यापुढे ठेवली.

"बाई, ह्या कागदात मी कोन हाय?"

मी वाचलं. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं. खात्याच्या रकान्यात भांडार आणि वर्गाच्या रकान्यात अकुशल. कॉम्प्युटरला प्रत्येक वर्ग आकड्याने कळे, आणि हत्यारखोलीसाठी मुंबईच्या यादीत एवढाच एक आकडा होता. वीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसासाठी निराळा आकडा कोणी ठरवला नव्हता.

मी त्यांना ते वाचून दाखवलं. काही न लपवता. ते म्हणाले, "अकुशल म्हंजे?"

"काम न शिकलेला."

ते हसले. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहत होते. "असं लिवलंय व्हय," म्हणाले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. पूर्वी ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

मी कागद ओढला आणि त्यांना विचारायला सुरुवात केली. कोणत्या वर्षी लागलात, आधी कुठे शिकलात, कोणकोणती यंत्रं उघडलीत, कुठली तुमच्याशिवाय कोणाला जमत नव्हती. ते सांगत गेले. भोंगा झाला तरी सांगत होते. एखादी गोष्ट नीट कळली नाही की मी परत विचारी, आणि ते परत सांगत. मुंबईला तीन पत्रं लिहावी लागली. पहिल्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला आलं की असा वर्ग यादीत उपलब्ध नाही. तिसरं पत्र मी साहेबांच्या सहीने पाठवलं. त्यांनी ते वाचलं, एक शब्दही न बदलता सही केली आणि म्हणाले, "हा आकडा नवीन टाकायला लावू."

चार महिन्यांनी सुधारलेली पट्टी आली, वर्गाच्या रकान्यात आता 'कुशल फिटर' होतं. मी ती हत्यारखोलीच्या खिडकीत नेऊन वाचून दाखवली आणि दिली. मिस्त्री पान्यासाठी थांबलेल्या फिटरला म्हणाले, "थांब रं जरा," आणि ती नीट घडी करून त्यांनी टोपीत ठेवली.